दहा लाख एकचा कौल

माझ्या बहिणीचं, सुलूचं लग्न दहा लाख एक या आकड्यापायी मोडायला आलं होतं.

डिचोलीहून पाहुणे पेडण्याला आमच्या घरी आले. मुलाचे वडील गणिताचे निवृत्त मास्तर. (चहा ढवळतानाही फेरे मोजणारे!) त्यांच्यावर छाप पाडायला मी ठोकून दिलं, "मास्तर, दहा लाख एक ही मूळ संख्या. कशानंही भाग जात नाही. दोनदा तपासलंय!"

तपासलं होतं, सातापर्यंत.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "नक्की? रविवारी येतो. चूक निघाली तर सोयरीक विसरा. थापाड्यांच्या घराशी आम्हांला संबंध नको."

ते जाताच बाबा कडाडले, "मेल्या, तुका गप चाय पिऊक जमना नाय?"

आईनं सगळ्यांना देवळात पिटाळलं. आमच्याकडे बैल घ्यायचा असो की विहीर खणायची, देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, दहा लाख एकाक कसल्यानच भाग जायना, असा ह्याचा म्हणणा. खरा आसात तर उजवी दी!"

टपकन डावी पडली.

"पाकळी ओली होती!" मी ओरडलो.

"देवावांगडा वाद घालतस?" आईचा धपाटा.

बाबांना पुढची काळजी. "भाग जाता म्हणता देव. पण कसल्यान?"

"ता विचारूचा तर दर आकड्याक वेगळो कौल," भटजी घाम पुसत म्हणाले.

अकरा? डावी. तेरा? डावी. सतरा? डावी! देवळामागची जास्वंद बोडकी झाली, भटजींचा आवाज बसला. एवढ्यात पायरीवरून सुलूची हाक आली, "दादा, आता देवाक जरा बसूक दी!" तिनं पायरीभर रांगोळीनं भागाकार मांडला होता. एकशे एकानं भाग जात होता, नऊ हजार नऊशे एक वेळा. बाकी शून्य!

रविवारी मास्तर टेकतात न टेकतात तोच सुलू म्हणाली, "दादा चुकला. एकशे एकानं भाग जातो."

आई देव्हाऱ्याकडे वळली. बाबांनी डोळे मिटले. मी दार किती लांब आहे ते पाहिलं.

मास्तर गदगदून हसले. "मग काय! सून आम्हांला हिला करायची आहे, ह्याला थोडीच?"

बाबांनी असा श्वास सोडला की समईची वात विझली!

लग्नात मास्तरांची एकच अट होती, मोजायचं काही माझ्या हाती द्यायचं नाही. त्यामुळे पंगतीत लाडू, वडे, पानं, सगळं वाढायचं काम दुसऱ्यांकडे गेलं आणि मला पाण्याचा तांब्या मिळाला. वर ताकीद, "नुसतं ओत. मोजू नकोस!"