फुटलेले फोटो

शिवानंदअण्णांची नि माझी पहिली भेट हा एक रेल्वे अपघात होता. त्यात रेल्वे तेवढी नव्हती. पार्क चौकात चहाच्या गाड्यापाशी मी मोबाईलमधली सुप्रभातची चित्रं पुसत होतो. एवढ्यात उसाच्या कांड्यासारखा एक हात आला आणि त्यानं मोबाईल झडपला. माझा चहा उडून हवालदाराच्या टोपीत पडला, वाहतूक तुंबली आणि पार टेंभुर्णीपर्यंत ट्रक थांबले, असं मी अजूनही सांगतो.

"पुसू नका साहेब. लई फुटलाय हा फोटो. मला पाठवा की."

फोटो गुलाबाचा होता. गावभर फिरून त्याची बिटाची कोशिंबीर झाली होती.

अण्णांचा जन्म चादरीची नक्षी काढण्यात गेला. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, मग ती नक्षी मागावर चढायची. पुढे मेंदूत रक्ताची गाठ झाली, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे कारखान्यात न जाणं, एवढाच अण्णांनी अर्थ घेतला. घरात ते गच्चीवरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गच्चीवर असे हिंडत की वहिनींची पोळी करपायची. मध्येच लॅपटॉपवर बसत. नेटवरचा भिकारातला भिकार फोटो घेत, चौकोन दिसेपर्यंत ताणत आणि एकेका चौकोनाचा रंग बदलत. पाच मिनिटांत पुन्हा गच्ची.

माझं त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं, तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, डोक्याचा फोटो पुन्हा काढावा का? चांगला माणूस असली चित्रं करतो होय?

अण्णांना मी थेटच विचारलं, की धड फोटो का घेत नाही. ते पहिल्यांदाच एका जागी उभे राहिले.

"आयसीयूत ही काचेपलीकडं उभी राहायची. मला नाक दिसायचं न्हाय, डोळं न्हाय. नुसतं रंगाचं चौकोन. पण हीच हाय, एवढं कळायचं. ते तिला दाखवायचंय."

वहिनी लॅपटॉपकडे बघायच्या नाहीत, म्हणून चादर करायचं ठरलं. समाजाच्या मेळाव्याच्या वेबसाईटवर वहिनींचा पोस्टाच्या तिकिटाएवढा चेहरा सापडला. अण्णांनी तो ताणला, रंगवला आणि जुने सोबती नबीसाब यांच्याकडे दिला. कारखान्यात कॉम्प्युटरवरून नक्षी मागावर चढवायचं काम त्यांचं. नक्षीतली एक चूकही त्यांनी जन्मात मागावर जाऊ दिली नव्हती.

चादर तयार झाल्याचा निरोप आला. मी रिक्षा ठरवेपर्यंत अण्णा चालत पोहोचलेही होते. नबीसाबांनी चादर उलगडली. तिच्यावर गुळगुळीत गालांची, रेखीव भुवयांची, लग्नाच्या अल्बममधली असावी अशी बाई होती.

"फोटो पूरा फुटेला था, अण्णा. दो दिन बैठके साफ करा. भाबी के वास्ते."

अशा माणसावर रागावणार कसं? अण्णा चादरीवरून नुसता हात फिरवत राहिले. एखादा चौकोन उरलाय का, ते बघत असावेत.

घरी वहिनींनी चादर दारात उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. मग पदर डोळ्यांना लावला.

"आता तुमचं डोकं ठिकाणावर आलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

अण्णा गच्चीवर निघून गेले.

चादर दिवाणावर असते. लॅपटॉप वहिनींनी भंगारात दिला.