तक्तपोशीवरची बाभळ

बेंबळी गावात कुणाच्या दाराची चौकट अडली, कुणाचा पलंग करकरायला लागला, की बाबामियाँ सुताराला निरोप जातो. वय पंचावन्नच्या घरात, बोलणं मोजकं, पण एका कामाचा विषय निघाला की गडी खुलायचा. भूकंपानंतर दत्तोपंत गुरुजींनी घराचं मातीचं जड माळवद उतरवून पत्रे घातले, ते पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी कैच्या बाबामियाँच्या हातच्या. "तेवीस वर्षांचा होतो. एकट्यानं उभं केलं," असं ते सांगत.

एकट्यानं, म्हणजे वडिलांना दुखवून. लालमियाँ एवढंच म्हणाले होते, "जोड आखूड पडला रे." त्यावर पोरगा गुरुजींसमोर फाडकन बोलला, "तुमचा हात थरथरतो, अब्बा. मला शिकवू नका." लालमियाँनी पटाशी खाली ठेवली आणि घर गाठलं. त्या कामाबद्दल ते मरेपर्यंत पोराशी अवाक्षर बोलले नाहीत.

यंदा गुरुजींच्या सुनेनं, सरोजिनीताईंनी, बाबामियाँनाच बोलावलं. ऊन लागू नये म्हणून पत्र्याखाली फळ्यांची तक्तपोशी ठोकलेली होती, तिला वाळवी लागली होती. ती काढून नवं छत करायचं होतं.

उंच लाकडी घोड्यावर चढून त्यांनी चार फळ्या उचकटल्या. तोंडावर धूळ आली, चिमणीचं जुनं घरटं खाली पडलं. मोबाइलची बॅटरी लावून त्यांनी डोकं वर घातलं आणि तिसऱ्या कैचीपाशी त्यांची नजर थांबली. जोड चांगला दोन बोटं उघडला होता. तरी कैची खचली नव्हती, कारण खालून बाभळीचा जाड तुकडा लावून, लोखंडी पट्ट्या घालून बोल्ट आवळले होते. बोल्टांची डोकी लाकडात गोल खाच घेऊन बुडवलेली. असं काम गावात एकच माणूस करायचा. एक भोक मात्र चुकलं होतं. ते खुंटी मारून बुजवलं होतं आणि शेजारी दुसरं पाडलं होतं.

"ताई, माझ्यानंतर इथं कुणी चढलं होतं?"

"तुमचे अब्बा," खालून सरोजिनीताई म्हणाल्या. "तुम्ही सोलापूरला कामाला गेला होतात तेव्हा. मी नवी नवरी होते, चहा करून देत होते. जाताना मामंजींना म्हणाले, पोराला कळू देऊ नका, त्याचं पहिलं काम हाय. मामंजींनी शब्द दिला. पुढं माझ्याही ध्यानातनं गेलं."

"हात..."

"थरथरत होता. एका भोकाला अख्खी दुपार गेली."

बाबामियाँनी ती खुंटी अंगठ्यानं चाचपली. म्हणाले, "जोड म्याच चुकवला होता, ताई. छप्पर अब्बानं धरलंय."

तीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

मग त्यांनी खालून वासे देऊन कैची तोलली, जोडाजवळचा वाळवीनं सडलेला भाग कापला आणि सागाचा नवा तुकडा हातभर लांब जोडानं बसवला. चार दिवस लागले. सरोजिनीताईंनी विचारलं, "आता ती बाभळ काढायची?"

"गरज न्हाय तिची. पण राहू द्या."

घरी येऊन त्यांनी बायकोला, नसीमबीला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"अब्बांनी तेव्हाच सांगायला पायजे होतं," बाबामियाँ म्हणाले.

"सांगितलं तर होतं," नसीमबी म्हणाली. "तुम्ही ऐकलं कुठं?"

बाबामियाँ उठून रांजणापाशी गेले, आणि कोपरापर्यंत हात धूत बराच वेळ तिथंच उभे राहिले.