उपासाला चहा चालतो

सत्तेचाळिसाव्या वर्षी दात सरळ करून कोणाला दाखवणार, असं मला कोणी विचारलं नाही, कारण विचारायला घरात कोणी उरलंच नव्हतं. आई गेलेली, भाऊ पुण्याला, आणि मी बुलढाण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तेवढं हसत विचारलं, "घरात लग्न आहे का कुणाचं?" मी म्हटलं, हिरड्यांतून रक्त येतं. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. आईच्या तेराव्याला आमचा दोघींचा एखादा फोटो असावा म्हणून मी सगळे अल्बम काढले होते. प्रत्येक फोटोत माझा तळहात माझ्या तोंडावर होता.

माझे पुढचे दात एकावर एक चढलेले. नांदुऱ्याला आमच्या घरी मला बघायला यायचे, पोहे खायचे आणि जाताना कोणीतरी म्हणायचं, "पोरगी हुशार हाय, पण..." पणच्या पुढचं कधी कोणी बोललं नाही. मीही नाही. पाचसहा 'पण' झाले आणि मग वय निघून गेलं.

तर डॉक्टरीणबाईंनी दात हळूहळू सरळ करणारे प्लास्टिकचे पारदर्शक ट्रे दिले. वरच्या दातांना एक, खालच्या दातांना एक, पंधरा दिवसांनी नवी जोडी. दिवसाचे बावीस तास घालून ठेवायचे. जेवताना काढायचे, जेवून दात घासायचे, मगच परत बसवायचे. ट्रे तोंडात असताना गार पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. चहाने ते पिवळे पडतात आणि गरम लागलं तर आकार बिघडतो. पहिल्या आठवड्यात दात असे ठणकले की वरणभातसुद्धा चावायला जड वाटला. बोलणं तर विचारूच नका. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि माझं टेबल शिष्यवृत्तीचं. तो शब्द दिवसातून शंभर वेळा म्हणायचा आणि दर वेळी तोंडातून कुकरसारखी वाफ निघायची. मुलं खिडकीबाहेर एकमेकांना कोपर मारायची.

मी कोणाला काही सांगितलं नाही. या वयात हौस म्हटलं की लोक म्हातारचळ म्हणतात, आणि मला माझ्यावर हसलेलं आवडत नाही. दात एकदा सरळ झाले की दिसतीलच, असं ठरवून मी तोंड मिटलं.

ऑफिसात एक शिपाई मावशी आहेत. धाड गावाहून रोज एसटीने येतात. सगळे मला मॅडम म्हणतात, त्या एकट्या 'वं' लावून बोलायच्या, आपलेपणाने 'गं' म्हणावं तसं. "काऊन वं, आज तोंड सुकलं तुहं?" "भाकर आणली वं, ये इकडं." अख्ख्या बुलढाण्यात मला 'वं' म्हणणारं हे एकच माणूस. दुपारी आमचा डबा एकत्र. त्यांचा ठेचा आणि भाकरी, माझी पोळीभाजी. आई गेल्यावर ती अर्ध्या तासाची सुट्टी हेच माझं घर होतं, असं म्हटलं तरी चालेल.

ट्रे आल्यावर पंचाईत झाली. लोकांसमोर तोंडात बोटं घालून ते काढायचे कसे? लाळेची तार लोंबते. मी डबा घेऊन जुन्या फायलींच्या खोलीत बसू लागले. मावशींनी दोन दिवस दारातून पाहिलं. मी म्हटलं, "काम तुंबलंय मावशी, इथंच खाते." त्या "हाव" म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच महिन्यात मावशींनी धाडला दोन खोल्यांचं पक्कं घर बांधून पुरं केलं. ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांना घर पाहायला बोलावलं. सुनेने आधी पाणी आणलं. स्टीलचा पेला ट्रेवर आपटला की टक्‌ असा आवाज येतो, हे मला घरी कळलेलं होतं. म्हणून मी पेला ओठांना न लावता वरून पाणी प्यायले. मग चहा आला, फुलांच्या नव्या कपबश्यांतून. कपांवरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा पुरती निघाली नव्हती.

"मला नको," मी म्हटलं, "उपवास आहे."

मग मावशी हसून म्हणाल्या, "उपासाले चहा चालते ना वं."

चालतो. आपल्याकडे उपवास म्हणजे चहावर काढलेला दिवस, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला दुसरं खोटं सुचेना. माझी दातखीळच बसली. मावशींनी माझ्यासमोरचा कप उचलला आणि सुनेच्या हातात परत दिला.

त्यानंतर 'वं' बंद झाला. "मॅडम, साहेबांनी बोलावलं." "मॅडम, टपाल." मला वाटलं, चहाचा राग असेल, जाईल. आठवड्याने त्यांनी माझ्या टेबलावर एक कोरा करकरीत पेला आणून ठेवला. म्हणाल्या, "हा तुमचा. दुसऱ्या कोणाले देत नाई. मी हात लावत नाई, तुमीच इसळत जा." मी वेडी, मला वाटलं माझी काळजी घेताहेत. मी थँक्यू म्हटलं, तेही वाफेसकट.

घरी संध्याकाळी बेसिनपाशी ट्रे घासत होते, तेव्हा नांदुऱ्याच्या आमच्या मोरीवरचा कोनाडा आठवला. त्यात कान तुटलेला एक कप असायचा. भांडी घासणाऱ्या बाईंचा. आई त्यात वरून चहा ओतायची आणि बाई तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायच्या. लहानपणी मी एकदा त्या कपातून पाणी प्यायले म्हणून मार खाल्लेला आहे. त्या बाई ज्या समाजाच्या होत्या, त्याच समाजाच्या मावशी.

माझ्या हातातून ट्रे बेसिनमध्ये पडला. डबा वेगळा केला. पाणी वरून प्यायले. चहाला खोटा उपवास सांगितला. मावशींनी दुसरं काय समजायचं होतं? आयुष्यभर पाहिलेलंच त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि ते माझ्याकडून. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, बघायला आलेल्यांसमोरही नाही. कोणाला तरी फोन करावा, सांगावं, म्हणून मोबाइल उघडला. ज्यांना सांगावं असं एकच नाव होतं, आणि ते मावशींचं होतं.

रविवारी मी जीपने धाडला गेले. मावशी दारातच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. "या मॅडम," म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं. सुनेने पाणी आणलं. मी पेला ओठाला लावला. टक्‌ वाजलं. सगळं पाणी प्यायले आणि म्हटलं, "मावशी, चहा मांडा."

त्या उठल्या नाहीत. "उपास सुटला काय?"

मी तोंडात बोटं घातली आणि त्यांच्यासमोर दोन्ही ट्रे काढले. लाळेची तार हनुवटीपर्यंत आली. तळहातावर ठेवून दाखवले आणि सांगत सुटले. दात, फोटो, बावीस तास, फायलींची खोली, सगळं. मध्येच रडू आलं. मावशी माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"ह्याच्यापायी?"

"हो."

"मंग तवाच तोंड काऊन नाई उघडलं?"

"लाज वाटली."

"तुमाले लाज वाटली," त्या म्हणाल्या, "अन्‌ मले काय वाटलं?"

मी ट्रे रुमालात गुंडाळले. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. त्याच फुलांच्या कपातून तो आला, आणि मी बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मावशी जवळ बसल्या होत्या, पण बोलल्या ते पावसाचं, एसटीच्या वेळांचं. "साखर बराबर हाय ना मॅडम?" मॅडमच. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सगळं पहिल्यासारखं होईल. कुठून होणार? मी निरोप घेतला आणि स्टँडवर येऊन जीपमध्ये बसले. जीप भरेपर्यंत निघत नाही, म्हणून दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून बसून राहिले. कधी नव्हे इतकी आईची आठवण आली.

जीप भरली, ड्रायव्हर चढला, तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. मावशी पदर खोचून पळत येत होत्या. मुठीत माझा रुमाल. चहाच्या वेळी मी ट्रे त्यात गुंडाळून बाजूला ठेवले होते आणि तसेच विसरले होते.

"थांब बे!" त्या ड्रायव्हरवर ओरडल्या. मग खिडकीतून हात आत घालून, सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "दात राह्यले ना वं तुहे!"

जीपमधले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी खिडकीतून रुमाल घेतला, आणि त्यांचा हातही.