क्लॅरिनेट जमा केलं तेव्हा

माझा धाकटा भाऊ फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तो भरती झाला तेव्हा आईचं जेवण सुटलं होतं. मीच समजावलं, "अवं आई, त्याले लढायले नाही, वाजवायले नेऊन राह्यले." त्या एका वाक्यावर आम्ही सहा वर्षं निर्धास्त होतो.

मग त्या उन्हाळ्यात सीमेवर युद्ध भडकलं. एका दुपारी मी दिग्रसला ऑफिसात होते. त्याचा फोन आला म्हणून व्हरांड्यात गेले.

"ताई, आमची वाद्यं जमा करून घेतली."

"काहून?"

"लढाईत बँडवाल्यांले दुसरं काम असते. जखमींले उचलून आणाचं. स्ट्रेचर दिले आमाले. आईले सांगू नको."

फोन कटला. टेबलाशी येऊन मी एकच फाईल तीनदा उघडली.

आईला सांगितलं नाही, पण मला घरात बसवेना. कपडे वाळले की नाही ते उगाच चारदा पाहून यायची. टीव्हीवर बातम्यांमागे सारखे नगारे वाजत. मी आवाज बंद करायची, आई वाढवायची. गल्लीत एक वरात आली, तिच्यातही देशभक्तीची गाणी, पोरं बेभान नाचत होती. आई दारात उभी राहून कौतुकानं म्हणाली, "आपला असता तं याच्याहून चांगलं वाजवलं असतं." मी मागच्या अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

काही दिवसांनी गोळीबार थांबला. "बरा आहे," एवढंच तो फोनवर बोलला.

पुढे सुटीवर आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं. काकांनी फर्माइश केली, "जोशाचं काही होऊ दे." शिकताना घेतलेलं जुनं क्लॅरिनेट त्यानं काढलं, दोन ओळी वाजवल्या आणि थांबला. "चहा पाहून येतो," म्हणत माझ्यामागे स्वयंपाकघरात आला.

मी हळूच विचारलं, "कोणाले उचललं का रे?"

"दोघांले. एक जण सारखा म्हणे, काहीतरी वाजव ना. हात गुंतलेले होते. मग रस्ताभर शीळ घातली."

"वाचला?"

"हो. पायाचं मात्र माहीत नाही."

आई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बाहेर गेली आणि काकांना म्हणाली, "आता वाजवणं पुरे. त्याले जेवू द्या."