त्या वर्षाच्या दोन डायऱ्या

हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही, आणि ते गेले. तुमच्या आईला आजही ठाऊक नाही. आता लिहिते आहे, कारण मागच्या रविवारी फोनवर, ईशा, तू म्हणालीस, "आजी, तुझ्या सगळ्या डायऱ्या मला हव्यात." सगळ्या कव्हर घातलेल्या, वर्षांप्रमाणे ओळीने लावलेल्या आहेत. फक्त एका वर्षाच्या दोन आहेत — एक ओळीत, एक खालच्या कप्प्यात, स्वेटरांच्या मागे. तुला दोन्ही सापडल्या की तू विचारशील. त्याआधी मीच —

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हा दोघा भावंडांना वाचायला सोपं गेलं असतं. मलाही सोपं गेलं असतं. म्हणूनच मराठीत लिहिते आहे.

नव्वदीच्या दशकात आम्ही नगरला, नागापूरच्या एमआयडीसीजवळ राहायचो. बैठी घरं, दोन घरांमध्ये एकच भिंत. मी सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. दीडला घरी, चारला चहा, साडेचारला डायरी. दूधवाला आला नाही, बल्ब गेला, कोणाकडे हळदीकुंकू होतं — सगळं वेळेसकट, इंग्रजीत.

शेजारी मंगल राहायची. नेवाशाकडची, बावीस-तेवीसची, पदरात लहान मुलगी. नवरा कारखान्यात टर्नर. त्याची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. चारपर्यंत तो घरी यायचा, आणि मग — भिंत एकच होती, सांगितलं ना? भांडं पडल्याचा आवाज वेगळा असतो आणि माणूस पडल्याचा वेगळा. हे मी त्या वर्षी शिकले.

आणि मी काय केलं? लिहिलं. "चार वीस, शेजारी आवाज. चार चाळीस, थांबला."

एकदा हिवाळ्यात ती माझ्या ओट्यावर मटार सोलू लागायला बसली होती. माझ्या मांडीवर डायरी.

"बाई, रोज काय लिवता वो?"

"दिवसभरात काय झालं ते."

"मंग माजं बी लिवता का?"

मी हो म्हटलं. तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "लिवा. कुटंतरी असू द्या."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने तिचा हात मोडला. मागच्या गल्लीतल्या कमलताई पॅकिंगच्या कामाला जायच्या आणि विहारातलं महिला मंडळ चालवायच्या. त्यांनी तिला दवाखान्यात नेलं, तिथून पोलीस ठाण्यात. "घरातलं घरात मिटवा" असं पोलिसांनी सांगितल्यावर मंडळाच्या बाया ठाण्याच्या पायऱ्यांवर बसल्या, आणि चारशे अठ्ठ्याण्णव अ, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमाखाली, तक्रार लिहून घेईपर्यंत उठल्या नाहीत. त्यांनीच वकीलबाई शोधल्या. मंगल माहेरी जाईपर्यंत तिला आणि मुलीला पाळीपाळीने आपल्या घरी ठेवून घेतलं.

चीड येते ती याचीच. कायदा होता. माणसं होती, तीही दिवसभर राबून आलेली. कमी काय होतं? भिंतीपलीकडून ऐकलेलं कोर्टात सांगणारं एक माणूस. फक्त एक.

मंगलचा भाऊ काही वाईट नव्हता, पण त्याने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "कोर्टानं तुजं खरं धरलं तर जलमभर हितं ऱ्हा. न्हाई तर गुमान नांदायला जायचं." तिचं सगळं त्या निकालावर होतं. हे मला माहीत होतं. स्वतः मंगलने सांगितलं होतं.

तिनेच वकीलबाईंना सांगितलं की बाईंनी सगळं लिहून ठेवलंय. मला समन्स आलं — डायरी घेऊन हजर राहा. आजोबा म्हणाले, "दे की. खरं आहे ते दे." मला कोणी अडवलं नाही. कोणी धमकावलं नाही. हे नीट वाचा.

कोर्टात न्यायच्या आधी मी ती डायरी पहिल्यापासून वाचली. आवाजाच्या एकतीस नोंदी. एकतीस वेळा मी घड्याळ पाहिलं होतं. तिचं दार माझ्या दारापासून दहा पावलांवर, आणि मी एकदाही कडी वाजवली नव्हती. एका ठिकाणी तर — "आवाज. चहा गार झाला, पुन्हा केला." कोर्टात कोणीतरी विचारणारच होतं, मग तुम्ही काय केलंत, बाई? भर कोर्टात. माझ्या शाळेतले पालक बसलेले असताना. त्या डायरीत त्याचा गुन्हा होता, आणि सुवाच्य अक्षरात माझाही.

पुस्तकांचा दुकानदार दरवर्षी दोन सारख्या डायऱ्या द्यायचा. आजोबांची कोरीच राहायची. त्या वर्षाचीही कपाटात कोरी होती. मी तीन रविवार, पेपर तपासते आहे असं आजोबांना सांगून, जेवणाच्या टेबलावर बसून पूर्ण वर्ष नव्याने उतरवलं — दूधवाला, बल्ब, हळदीकुंकू. एकतीस नोंदी, आणि मंगलचं जे काही होतं ते, सोडून.

ती मी कोर्टात दिली. शपथ घेऊन. त्याच्या वकिलाने सावकाश पानं उलटली आणि न्यायाधीशांना म्हणाला, ज्या बाई गेलेला बल्बसुद्धा लिहून ठेवतात, त्यांनी वर्षभरात शेजारचं एक भांडणही लिहिलेलं नाही. मी गप्प राहिले असते तर एवढं नुकसान झालं नसतं. माझ्या टापटिपीनेच मंगल खोटी ठरली. ती माझ्याकडे बघत नव्हती. डायरीकडे बघत होती.

तो सुटला.

बाहेर कमलताई भेटल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण डायरी हातोहात फिरताना त्यांनी पाहिली होती. "अक्षर लई सुंदर हाय, बाई," त्या म्हणाल्या. "वर्सभर येकाच पेनानं लिवलं व्हय?" त्या थांबल्या. मी सांगेन म्हणून थांबल्या असाव्यात. मग बायांबरोबर बसस्टॉपकडे गेल्या.

महिन्याभरात भावाने मंगलला आणून सोडलं. त्याच घरात. ती वर्षभर माझ्या शेजारी राहिली, आणि चारला भिंतीतून पूर्वीसारखा आवाज येईना. तो सुधारला नव्हता. दोरीवर कपडे वाळत घालताना तिच्या दंडांवरचे वळ दिसायचे. तीच आता ओरडत नव्हती. कोणाला ऐकवायचं होतं तिने? मला?

कोर्टात दिलेली नवी डायरी मला परत मिळाली होती; जुनी तर तेव्हाही माझ्याकडेच होती. वकीलबाई वरच्या कोर्टाचं बोलत होत्या. एक दिवस जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवली असती तरी — नाही ठेवली. पुढे त्याला दुसरीकडे काम मिळालं, टेम्पोत सामान भरून ते गेले. कुठे, ते मी विचारलं नाही.

दोन्ही डायऱ्या आता ओळीत शेजारी शेजारी लावल्या आहेत. जुनीत जानेवारीच्या एका पानावर लिहिलंय, "मंगलने विचारलं, माझंही लिहिता का. हो म्हटलं." नवीत त्या तारखेला एवढंच आहे — मटार सोलले.