उजवा हात पोरायचा

"उजवा हात पोरायचा, डावा एसटीचा," असं सांगून कंडक्टरबाबा दोन्ही हात वर करून दाखवायचे. उजव्या हातात लाल टॉवेल, डावा रिकामा. नवीन कोणी मैदानावर आलं की हा कार्यक्रम व्हायचाच, आणि समोरचा हसला नाही तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. घरी सोफ्यावर बसला तरी तो कशाला तरी धरून बसतो. आमचे हे कंडक्टरबाबा तसेच. फुटबॉलमधलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. ऑफसाइड झालं की "हे कोणतं नवीन काढलं?" असं मलाच विचारायचे, आणि मला तरी कुठे ठाऊक होतं? माझं चिखलीत स्टेशनरीचं दुकान. मुलगा क्लबात खेळतो, मराठी टाइप करता येतं, म्हणून दर रविवारी पालकांच्या ग्रुपवर क्लबाची खबरबात टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोण आलं, कोण पडलं, कोणाचे बूट हरवले, सगळं मी लिहायची. ते शेजारी उभे राहून विचारायचे, "ताई, सगळ्यायचे नावं आले ना? राह्यलं का कोणी?"

हे 'राह्यलं का कोणी' त्यांच्या तोंडातून सर्व्हिसभर निघालं होतं, ते आता थोडंच सुटणार? रविवारी सकाळी क्लबाची जीप आसपासच्या गावांतून आणि वस्त्यांमधून मुलं गोळा करत फिरायची. आमच्या क्लबात यायला पैसे लागत नाहीत, जातपात कोणी विचारत नाही, मुलगा-मुलगी एकाच संघात खेळतात. पण हे नुसतं ग्रुपवर लिहून मुलं येत नसतात. त्यासाठी दारोदार जावं लागतं, आणि बाबा जायचे. जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून ओरडायचे, "राह्यलं का बे कोणी?" मग हाताने पत्र्यावर दोनदा थाप मारायचे आणि जीप निघायची.

रोशनीला त्यांनीच आणलं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या घरी गेलो तेव्हा मी सोबत होते. वडील दारातच म्हणाले, "तिले शिट्टी आयकू येत नाई. खेळ थांबला हे तिले कोण सांगन? लोकं हासतीन पोरीले."

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "शिट्टी वाजली का हा वर. टावेल वर गेला का खेळ बंद. तिनं फक्त माह्याकडं पाहावं."

वडिलांनी टॉवेल हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "तुमी उभे राहसान तर पाठवतो," म्हणाले. "तुमी नसान तर नाई."

अशी ती गोलकीपर झाली, आणि काय गोलकीपर झाली! चेंडू छातीशी धरला की तिची नजर आपोआप बाबांच्या उजव्या हाताकडे जायची. टॉवेल खाली असला तर लांब फेकायची, वर असला तर चेंडू पायाशी ठेवून शांत उभी राहायची. बाकीचे शिट्टी ऐकायचे, ती टॉवेल बघायची. चुकली कधीच नाही.

आता डाव्या हाताचं सांगते. आमचं मैदान मेहकरच्या रस्त्याला लागून आहे. एसटी गेली की ओळखीचा ड्रायव्हर हॉर्न द्यायचा आणि बाबांचा डावा हात वर जायचा. सामना कितीही रंगात असो, एसटी बिनसलामीची जायची नाही. आम्ही त्यावरून त्यांना फार चिडवायचो.

मेहकरचा संघ आमच्याकडे खेळायला आला, त्या दिवशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. रोशनीने एक जोरदार चेंडू अडवला, छातीशी धरला. त्याच वेळी रस्त्यावरून हॉर्न आला. बाबांचा जुना ड्रायव्हर होता, ज्याच्यासोबत त्यांची निम्मी सर्व्हिस गेली तो. आणि बाबांचा उजवा हात वर गेला.

रोशनीने टॉवेल पाहिला. चेंडू पायाशी ठेवला आणि वाकून मोजा वर ओढू लागली. समोरचा मुलगा क्षणभर गोंधळला, मग त्याने चेंडू जाळीत मारला. गोल झाला. आम्ही हरलो.

सगळ्यांची नजर चेंडूवर होती. टॉवेल पाहिला तो फक्त रोशनीने आणि शेजारी उभी होते म्हणून मी. पालकांत कुजबुज सुरू झाली. कोणी तरी मोठ्यानेच बोललं, "आयकू येत नाई त्या पोरीले, तर गोलात काऊन उभी केली?" रोशनीचे वडील मागे मोटारसायकलला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

रोशनी धावत बाबांकडे आली. टॉवेलकडे बोट केलं, स्वतःचा हात वर केला आणि मग दोन्ही तळवे उलटे करून विचारलं, असं का? बाबांनी टॉवेलची घडी घातली. लोकांकडे वळून ते म्हणाले, "जाऊ द्या. लहान लेकरू हाय, होते चूक."

मला त्यांची लाज वाटली. ज्या माणसावर आपला जीव आहे त्याची लाज वाटणं फार वाईट असतं हो. परक्याची लाज वाटली तर आपण तोंड फिरवतो. इथे कुठे फिरवणार? वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. ते बोलले नाहीत आणि मीही नाही. चूक तर कोणाचीही होते. पण आपल्या चुकीसाठी त्या मुलीला सगळ्यांदेखत माफ करायचं? त्या संध्याकाळी ग्रुपवर मी फक्त निकाल टाकला.

पुढच्या रविवारी जीप रोशनीच्या गावात थांबली, हॉर्न दिला, कोणी आलं नाही. बाबा सवयीने ओरडले, "राह्यलं का बे कोणी?"

जीपच्या आतून मुलं म्हणाली, "रोशनी राह्यली ना बाबा!"

त्यांनी हात थाप मारायला उचलला होता, तो तसाच राहिला. मग ते खाली उतरले आणि ड्रायव्हरला "तुमी व्हा पुढं" म्हणाले.

पुढचं मला रोशनीच्या वडिलांनी सांगितलं. बाबांना खाट टाकली, पण ते बसले नाहीत. रोशनीला समोर बोलावलं. टॉवेल धरलेला उजवा हात वर केला, मग डाव्या हाताने तो खाली ओढला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग दोन्ही कान धरले. तिला कळलं. ती रडली नाही, घरात निघून गेली. बाबांनी टॉवेल वडिलांच्या हातात दिला. "आता तुमीच उभे राहा. माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला."

दुपारी ग्रुपवर त्यांचा आवाज आला. "मी कंडक्टर बोलून राह्यलो. त्या दिवशीचा गोल पोरीनं नाई खाल्ला. टावेल म्या वर केल्ता, एसटीले पाहून. अन् वरून तिचीच चूक सांगतली. सगळ्यायनं आयका अन् तिच्या बापाले सांगा का पोरीची चूक नव्हती." त्यानंतर ते ग्रुपमधून बाहेर पडले. ज्यांनी कुजबुज केली होती त्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मला कोणी काही विचारलं नाही, आणि टॉवेल मीही पाहिला होता हे मी सांगितलं नाही.

रोशनी परत आली. आता कडेला तिचे वडील उभे असतात, टॉवेल दोन्ही हातांनी धरून. बाबांना बोलवायला मी घरी जाऊन आले. त्यांनी चहा पाजला, आमच्या शेतातल्या हरभऱ्याची चौकशी केली, आणि निघताना म्हणाले, "पोरायसमोर उभं राहाची लाज वाटते ताई." मला म्हणायचं होतं, मलाही वाटते. चपला घालून मी तशीच निघाले.

परवाच्या रविवारी सराव सुरू असताना मेहकरची एसटी आली. खिडकीत बाबा होते, लेकीकडे निघाले असावेत. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो रोशनीला कसा ऐकू येणार? पण आम्ही सगळे वळलो म्हणून तीही वळली, आणि तिने त्यांना पाहिलं. गोल मोकळा टाकून ती रस्त्याच्या कुंपणापर्यंत धावली आणि मोठा हातमोजा घातलेला उजवा हात वर धरून उभी राहिली. मागे चेंडू जाळीत गेला, मुलं ओरडली.

एसटी हळू चालली होती. बाबांनी तिला पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि तिनेही हात खाली घेतला नाही.