माश्यांचा वरचा मजला

त्या फाल्गुनात माझ्या मधपेटीच्या दारावर माश्यांची दाढी लोंबायला लागली. आत जागाच नव्हती! आंबागडाच्या पायथ्याशी आमचं घर, मागं मोहाची पाच-सहा झाडं, त्यातल्या एका झाडाखाली लोखंडी तिवईवर ही पेटी. मी हातातलं काम टाकून दर तासाला तिच्यापाशी जाऊन उभी राहायची. घरात माझी थट्टा चालायची, पण मला धीर म्हणून नव्हताच.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. आमच्या बचत गटातल्या दहा बायकांनी भंडाऱ्याला जाऊन मधमाश्या पाळायचं शिक्षण घेतलं, प्रत्येकीला एकेक पेटी मिळाली. वर्षाच्या आत नऊ पेट्या रिकाम्या झाल्या. कुणी त्यात कांदे भरले, कुणाच्या पेटीत कोंबडी अंड्यावर बसली. दहावी पेटी माझी, तिच्यातल्याही माश्या आदल्या साली डोळ्यांदेखत उडाल्या. मी थाळी बडवत शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं त्यांच्यामागं धावले, चप्पल तुटली, आणि त्या नाल्यापलीकडं दिसेनाशा झाल्या. मी तिथंच बसून भोकाड पसरलं.

नव्या माश्या आणून दिल्या त्या माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामाजी म्हणायची. उभा जन्म त्यांनी जंगलातला मध काढला होता. झाडाच्या ढोलीतून सातेरी माश्यांचं आख्खं घर त्यांनी अलगद उतरवून आणलं आणि माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "ह्या गेल्या तं आता मले मांगू नको, सूनबाई. माहे गुडघे आता झाडावर चढत नाई."

म्हणजे ह्या गेल्या की संपलं.

शिक्षणात सांगितलं होतं, खालची कोठी भरली की वर दुसरी कोठी ठेवायची, माश्या आपोआप वर चढतात आणि तिथं मध भरतात. मी ठेवली. आठ दिवस झाले, एक माशी वर फिरकली नाही. खाली मात्र चेंगराचेंगरी. एके सकाळी पोळं लागलेली लाकडी फळी उचलून पाहिली तर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याएवढी दोन राणीघरं! नवी राणी तयार होऊ लागली की जुनी राणी अर्धं घर घेऊन निघून जाते, हे मी आदल्या वर्षी चांगलंच शिकले होते.

तेव्हा मी एक अक्कल लढवली. मोहफुलं नुकतीच गळायला लागली होती, सारं गाव पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली. मोहाला कोण भुलत नाही? अस्वल भुलतं, हरीण भुलतं, आमची गाय दावं तोडून जाते. मग माशी कशी नाही भुलणार? मी ओंजळभर ताजी फुलं वरच्या कोठीत पसरली, झाकण लावलं आणि स्वतःवरच खूश झाले.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस भपकारा आला, चिलटांचा लोट नाकातोंडात गेला. माशी एकही नाही.

मामाजी खाटेवरून पाहत होते. पोट धरून हसले. "माश्यायले दारू पाजून राहिली काय?"

माझं डोकं सणकलं. "मंग तुमीच चढवून दाखवा जी त्यायले वरतं!" म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडं रीत नाही.

ते रागावले नाहीत. काठी टेकत आले, पेटीत बराच वेळ डोकावून पाहिलं. "वरतं कायले जातीन? वरतं ना लेकरं, ना दाणा. बाईमानूस लेकरं सोडून जाते का कोठं? लेकरंच वरतं ने."

असं कुणी मला शिकवलंच नव्हतं! मी गोवरीचा धूर दिला. खालच्या पोळ्यातून तळहाताएवढा तुकडा त्यांनी कापला, अळ्या आणि थोडा मध असलेला, वर बसलेल्या माश्यांसकट. राणी त्यावर नाही ना, हे मी तीनदा पाहिलं. धुऊन-पुसून घेतलेल्या वरच्या कोठीच्या फळीत त्यांनी तो केळीच्या सोपटाच्या धाग्यानं बांधला. दोन्ही राणीघरं मी कापून टाकली. एक माशी भुवईवर डसली, तिकडं बघायलाही सवड नव्हती.

"आता दोन दिवस हात लावू नको," मामाजींनी बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उघडलीच! तुकडा दिसतच नव्हता, इतक्या माश्या त्याच्यावर. मी अशी किंचाळले की शेजारीण साप निघाला समजून काठी घेऊन धावत आली. पाचव्या दिवशी बाजूच्या फळीवर पांढरंशुभ्र नवं मेण. त्यानंतर करंज फुलला आणि वर रोज नवं काहीतरी दिसायचं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून नेऊन दाखवायची, लोक मला टाळायला लागले. मी राणीघरांसाठी खालच्या फळ्या पुन्हा पुन्हा तपासायची. एकही सापडलं नाही.

चैत्र सरता सरता वरच्या फळ्या मधानं भरून मेणानं बंद झाल्या. मामाजींनी फळी उचलली आणि तिच्या वजनानं त्यांचा हात खाली गेला. आम्ही मध काढला, रिकाम्या फळ्या परत जागेवर ठेवल्या. माश्या लगेच कामाला लागल्या, जशा काही आम्ही आलोच नव्हतो.

मध घेऊन मी घराकडं निघाले, तर मामाजी तिथंच बसून.

"चाला ना जी, ऊन लागन."

"साठ वर्सं मध काढलो, सूनबाई," ते म्हणाले. "आग लावलो, कापलो, निंगालो. मांगं वळून कधी पाहिलो नाई. मांगं पाहाले काई राहतच नव्हतं." मग त्यांनी पेटीकडं बोट केलं. "आज पाहू दे."